रोगप्रतिकारशक्ती जास्त म्हणजे चांगली? नोबेल मिळवणाऱ्या ‘ब्रेक’ पेशी काय सांगतात?

‘इम्युनिटी बूस्टर’ काढा, ‘इम्युनिटी बूस्टर’ गोळ्या, अगदी ‘इम्युनिटी बूस्टर’ चहासुद्धा! कोरोनाच्या काळात घराघरांत पोहोचलेला हा शब्द अजूनही आपल्या फीडमधून गेलेला नाही. त्यामागचं गृहीतक साधं आहे : रोगप्रतिकारशक्ती जितकी जास्त, तितकं चांगलं.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेलं वैद्यकशास्त्राचं नोबेल मात्र नेमक्या उलट दिशेच्या संशोधनाला मिळालं. अमेरिकेतल्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची यांनी शोधल्या त्या रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी. (रॅम्सडेल तेव्हा डोंगराळ भागात भटकत होते, फोन एअरप्लेन मोडवर होता, त्यामुळे नोबेल समितीचा फोन त्यांना लागलाच नाही. ही बातमी तुम्ही वाचली असेल.)

हे ‘ब्रेक’ नेमके काय आहेत आणि ते निकामी झाले तर काय होतं, समजून घेऊया.

दाह कधी चांगला, कधी वाईट?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, दुखते. यालाच दाह किंवा इन्फ्लमेशन म्हणतात. हा आजार नाही, तर शरीराने दिलेला प्रतिसाद आहे. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात, जंतू मारतात आणि दुरुस्ती सुरू होते. काम झालं की दाह ओसरतो.

अडचण येते ती हा दाह ओसरलाच नाही तर. किंवा समोर जंतू नसताना आपल्याच अवयवावर हल्ला झाला तर. अशा आजारांना ऑटोइम्युन किंवा स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला होतो, रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांध्यांवर, कोड या आजारात त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर. थायरॉइडच्या अनेक तक्रारींमागेही हेच कारण असतं. म्हणजे इथे रोगप्रतिकारशक्ती ‘कमी’ पडलेली नसते. ती चुकीच्या जागी कामाला लागलेली असते.

आपलं आणि परकं कसं ओळखलं जातं?

या लढाईत महत्त्वाच्या असतात टी-पेशी. त्या छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. तिथे त्यांची एक परीक्षाच होते. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर हल्ला करू शकतील अशा बहुतांश पेशी तिथेच नष्ट केल्या जातात.

बरीच वर्षं संशोधकांना वाटत होतं की एवढी चाळणी पुरेशी आहे. पण या चाळणीतून काही धोकादायक पेशी निसटतात. त्या आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतात. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही?

साकागुचींना काय सापडलं?

या प्रश्नाचा धागा एका विचित्र प्रयोगात होता. उंदराच्या पिल्लांचं थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकलं, तर त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी होईल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. ती अनावर झाली आणि पिल्लांना ऑटोइम्युन आजार जडले. साकागुचींनी निरोगी उंदरांच्या टी-पेशी अशा उंदरांना दिल्या, तेव्हा हे आजार टळले.

याचा अर्थ, टी-पेशींमध्येच इतरांना आवरणारा एक गट होता. पण तेव्हा ही कल्पना संशोधनविश्वात जवळपास मोडीत निघाली होती. आधीच्या काही संशोधकांचे असे दावे टिकले नव्हते. साकागुची मात्र दहा वर्षांहून अधिक काळ त्याच मागे राहिले. १९९५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या पेशी वेगळ्या ओळखता येतात : त्यांच्या पृष्ठभागावर ‘सीडी२५’ नावाचं प्रथिन असतं. या पेशींना आज ‘रेग्युलेटरी टी-पेशी’ किंवा थोडक्यात ‘टी-रेग’ म्हणतात.

अमेरिकेतले आजारी उंदीर

कथेचा दुसरा भाग सुरू होतो १९४०च्या दशकात, टेनेसी राज्यातल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत. किरणोत्साराचे परिणाम अभ्यासताना तिथे काही नर उंदीर खपल्या पडलेली त्वचा आणि सुजलेली प्लीहा घेऊन जन्मले. ते काही आठवडेच जगत. त्यांना ‘स्कर्फी’ असं नाव पडलं. त्यांच्या टी-पेशी स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडत होत्या.

१९९०च्या दशकात ब्रंको आणि रॅम्सडेल एका औषध कंपनीत काम करत होते. यामागचा दोषी जनुक शोधायचं त्यांनी ठरवलं. आजच्यासारखं झटपट जनुकवाचन तेव्हा नव्हतं. एक्स गुणसूत्राचा संशयित भाग लहान लहान करत ते २० जनुकांपर्यंत आले आणि एकेक तपासू लागले. दोष सापडला तो थेट विसाव्या, म्हणजे शेवटच्या जनुकात! त्याला नाव मिळालं फॉक्सपी३.

२००१ मध्ये स्पष्ट झालं की माणसातही हाच जनुक बिघडला तर ‘आयपेक्स’ नावाचा दुर्मीळ आजार होतो. तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो, कारण त्यांच्याकडे एक्स गुणसूत्र एकच असतं. तान्ह्या बाळाला मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि त्वचेचा दाह एकाच वेळी सुरू होतो. उपचार झाले नाहीत तर जीव वाचणं कठीण.

दोन वर्षांनी, २००३ मध्ये, दोन्ही धागे जुळले. साकागुचींच्या पेशी घडवणारा जनुक फॉक्सपी३च आहे हे सिद्ध झालं. जनुक बिघडला की टी-रेग बनत नाहीत, आणि टी-रेग नसल्या की यंत्रणेला ब्रेक उरत नाही.

मग जास्त ब्रेक चांगले का?

तसंही नाही. कर्करोगाच्या अनेक गाठी टी-रेग पेशींना आपल्याभोवती गोळा करतात. त्यामुळे गाठीवर हल्ला करायला आलेल्या पेशी तिथेच थंडावतात. म्हणून संशोधक कर्करोगात हा ब्रेक सैल करायचा, आणि ऑटोइम्युन आजारांत व अवयव प्रत्यारोपणात तो घट्ट करायचा, अशा दोन्ही दिशांनी काम करत आहेत.

एका पद्धतीत रुग्णाच्या टी-रेग बाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवून परत दिल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत त्यांना वाढवणारं ‘इंटरल्युकिन-२’ अगदी कमी मात्रेत देतात. स्टेरॉइडसारखी औषधं सगळीच प्रतिकारशक्ती दडपतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढवतात. इथे फक्त भरकटलेला हल्ला रोखायचा आहे. मात्र हे उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत, त्यामुळे ‘टी-रेग वाढवणारी’ गोळी कुणी विकत असेल तर सावध व्हा.

‘बूस्टर’चं काय करायचं?

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे फोनची बॅटरी नव्हे, की १०० टक्के चार्ज केली आणि काम झालं. लसही तिला सरसकट ‘वाढवत’ नाही. ती एका विशिष्ट जंतूची ओळख करून देते. समतोल जेवण, पुरेशी झोप, व्यायाम आणि तंबाखूपासून लांब राहणं यांचा फायदा असतो. पण त्यांनीही यंत्रणा अमर्याद वाढत नाही, ती नीट चालते इतकंच.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींमधली लक्षणं ऑटोइम्युन हेपटायटिससारखी होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरंच गुळवेल होती का, हे तपासलेलं नाही. सहा रुग्णांवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही, हे खरंच. पण ‘नैसर्गिक आहे, घ्या बिनधास्त’ असंही म्हणता येत नाही.

म्हणून घरात कुणाला थायरॉइड, सोरायसिस, ल्युपस, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल किंवा प्रत्यारोपण झालेलं असेल, तर कुठलाही ‘बूस्टर’ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आधीपासून घेत असाल तर तेही सांगा, कारण अनेकदा औषधांच्या यादीत काढा आणि चूर्ण सांगायचं राहून जातं.