पाळण्याचा हिशेब

लग्न लागले, नवी सून पाया पडली, की वडीलधारी माणसे "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" असा आशीर्वाद देत. हे शब्द कानांना इतके सवयीचे झाले आहेत की त्यांतला आकडा कोणाच्या ध्यानात येत नाही. आठ पुत्र, आणि मुली त्यांच्याखेरीज! आज एखाद्या घरात तिसऱ्यांदा पाळणा हलला तरी शेजारीपाजारी कुजबुज होते. इतक्या दाटीवाटीच्या देशात पुष्कळ मुले होऊ देणे हा बेजबाबदारपणा नव्हे काय, असे लोक उघड विचारतात. मग आपल्या आज्या-पणज्या बेजबाबदार होत्या, असे म्हणायचे काय? निकाल देण्यापूर्वी थोडे मागे जाऊन त्यांचा हिशेब पाहू.

शिक्षक वाचकांना मी सुचवीन, की आपल्या शाळेचे जुन्यात जुने दाखल-रजिस्टर एकदा उघडावे. त्यात धोंडू, दगडू, केरबा अशी नावे ओळीने सापडतील. पहिली मुले पाळण्यातच दगावली, की पुढच्याला असे ओबडधोबड नाव ठेवीत. हेतू हा, की दगड किंवा केर समजून मृत्यूने त्याच्याकडे पाहू नये. एका एका नावामागे एक दोन लहानगी गेलेली असत. पाचवीला सटवाई पुजायची, बाळाच्या कपाळी तीट लावायची, दृष्ट काढायची, या साऱ्या चालींच्या मुळाशी तीच धास्ती होती.

ती धास्ती खोटी नव्हती. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनने भोगला. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला आणि पुढच्या वर्षी तो पुण्यात थैमान घालू लागला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून मानमोडीची साथ देशभर पसरली आणि तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या काळी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक पहिला वाढदिवसही पाहत नसत. १९११ ते १९२१ या दशकात माणसाचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते.

शिरगणतीचे आकडे हेच सांगतात. १९०१ साली हिंदुस्थानची, आजच्या भारताच्या हद्दीपुरती, वस्ती सुमारे २३ कोटी ८४ लाख होती. १९११ मध्ये ती २५ कोटी २१ लाख झाली आणि १९२१ मध्ये किंचित घटून २५ कोटी १३ लाखांवर आली. घरोघर पाळणे हलत होते, तरी दहा वर्षांत देशाची वस्ती वाढण्याऐवजी घटली! अशा काळात आठ लेकरांची आस धरणारी आई अविचारी नव्हती. म्हातारपणी पाणी द्यायला एखादा तरी मुलगा हाताशी उरावा, एवढाच तिचा हिशेब होता. विमा नाही, पेन्शन नाही, दवाखाना नाही. होती ती पोटची पोरे.

पण म्हणून पूर्वी सगळ्यांनाच पुष्कळ मुलांचे कौतुक होते असे मात्र नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात अशा एका संसारी माणसाचे चित्र काढले आहे. घर लेकरांनी भरते, लक्ष्मी घर सोडून जाते आणि पोट भरण्यासाठी दारोदार हिंडण्याची पाळी येते. अर्थात संततीला पोसण्याची ताकद असावी, हा विचार आपल्याकडे कोणी परदेशातून आणून दिलेला नाही. त्यावर चालण्याचे साधन मात्र त्या संसारी माणसाच्या हाती नव्हते.

१९२१ नंतर पारडे फिरले. देवीची लस गावोगाव पोचली. साथींचा जोर हळूहळू ओसरला. १९४३ चा बंगालचा भीषण दुष्काळ सोडला, तर तशी माणसांची होळी पुढे झाली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. मरण मागे हटू लागले, पण जन्म तसेच राहिले. १९३१ मध्ये वस्ती २७ कोटी ९० लाख होती, ती १९५१ मध्ये ३६ कोटी ११ लाखांवर गेली आणि १९६१ मध्ये ४३ कोटी ९२ लाख झाली. यात नवल नाही. लस एका हंगामात टोचता येते. घरातल्या रीतीला बदलायला पिढी जावी लागते. तीन मुले पुरलेल्या आजीने सुनेला "आता दोघांवर थांब" असे कोणत्या भरवशावर सांगावे?

याच सुमारास मुंबईत एक गणिताचे प्राध्यापक वेगळा हिशेब मांडीत होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे चिरंजीव, रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी आपले पहिले केंद्र उघडले होते, यावरून कर्वे काळाच्या किती पुढे होते ते कळेल. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पदरमोड करून चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. देशात गर्दी होईल ही कर्व्यांची मुख्य चिंता नव्हती. बाईचे शरीर तिचे स्वतःचे आहे, आई व्हायचे की नाही आणि कधी, हे तिने ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता.

बाबासाहेबांच्या पक्षातर्फे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून त्यांचे सहकारी रोहम यांनी तो मांडला. बाळंतपणाच्या वेणा पुरुषाला सोसाव्या लागत्या तर कोणी दुसऱ्या मुलाचे नाव काढले नसते, अशा अर्थाचे विधान त्या भाषणात होते. ठराव नामंजूर झाला.

महात्मा गांधींचे मत निराळे होते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. संतती मर्यादित असावी हे गांधीजींना मान्य होते, पण त्यासाठी कृत्रिम साधने त्यांना नको होती; संयम हाच मार्ग, असे ते म्हणत. कर्वे आणि गांधी यांचा वाद साधनांचा होता. घरात येणाऱ्या मुलाचा विचार आधी करावा, याबद्दल दोघांचे दुमत नव्हते.

स्वराज्य आले आणि हा विषय सरकारदरबारी पोचला. १९५१ च्या शिरगणतीचे प्रमुख गोपालस्वामी यांनी आपल्या अहवालात एक नवा शब्द वापरला. मराठीत त्याला 'अविचारी मातृत्व' म्हणता येईल. तीन किंवा अधिक मुले झालेल्या आईला पुन्हा मूल झाले, तर ते त्या सदरात धरायचे. गोपालस्वामींची तळमळ खरी होती. अन्न पुरेल कसे, या चिंतेतून ते लिहीत होते. पण शब्द नीट पाहा. अविचारी मातृत्व! पितृत्वाचे नाव नाही. सासूच्या आग्रहाचे, वंशाच्या दिव्याच्या हव्यासाचे नाव नाही. जिला घरात पानात काय वाढायचे हेही ठरवता येत नव्हते, तिच्या माथी सगळ्या देशाच्या गर्दीचा दोष आला.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर घेणारा भारत हा जगातला पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. पुढे भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण आला. पुण्याच्या शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारख्या बाया तर १९३८ पासूनच हे काम करीत होत्या, लोकांची टिंगल सोसून. समजावून सांगण्याचे हे काम मुंगीच्या पावलांनी चालले होते.

मग सरकारचा धीर सुटला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. अनेक राज्यांत नोकरांना, शिक्षकांना सुद्धा, आकडे नेमून दिले होते. उत्तरेत कित्येक ठिकाणी माणसे धरून नेली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये मोठ्या कुटुंबांवर सक्ती करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिले. कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' ठेवावे लागले, आणि पुरुष जे घाबरून दूर गेले ते परत आलेच नाहीत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शस्त्रक्रिया करून घेतलेल्या विवाहित स्त्रिया शेकडा ३८ च्या घरात निघाल्या. पुरुषांची नसबंदी हजारी तीन एवढीच. सक्तीने जबाबदारी वाढवली नाही. ती एकट्या बाईच्या अंगावर टाकून दिली.

आता कोणी म्हणेल, सक्तीवाचून हे जमते तरी कसे? जमले, हेच तर सांगायचे आहे. १९९२-९३ मध्ये भारतात बाईमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती २.० वर आली, महाराष्ट्रात १.७ वर. दोघांच्या जागी दोन, याहूनही थोडी कमी. कारण शोधायला फार लांब जायला नको. २०२० मध्ये देशात हजारी अर्भकमृत्यू २८ वर आणि महाराष्ट्रात १६ वर आला होता. जिथे पूर्वी दोनशेहून अधिक जात, तिथे सोळा! जन्मलेले जगणार, हा भरवसा आला. दुसरे कारण शाळेचे. त्याच पाहणीत अजिबात शाळा न पाहिलेल्या बायांना सरासरी २.८ मुले होती, तर बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांना १.८. मुलगी शाळेत चार वर्षे अधिक टिकली, तर लग्न लांबते, दवाखान्याची वाट कळते आणि घरात तिचे म्हणणे ऐकले जाते. फळ्यावर अक्षरे काढून घेणाऱ्या मास्तरांनी या कामी जे केले, ते पोलिसाच्या काठीला जमले नसते.

तरीही वस्ती वाढतेच आहे, ती का? २०११ मध्ये आपण १२१ कोटी होतो आणि २०२३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे, चीनला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेलो. मागच्या पिढीत मुले पुष्कळ झाली. ती आता स्वतः आईबाप होत आहेत. प्रत्येकाला दोनच मुले झाली तरी आईबापच इतके, की एकूण बेरीज काही वर्षे वाढणारच. धावत्या बैलगाडीचे बैल थांबवले तरी गाडी चार हात पुढे जाते, तसे हे आहे.

गर्दीचा भार खोटा आहे, असे मी म्हणत नाही. शेतकरी वाचकांना तो बांधावर दिसतो. देशातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आली. धान्याची पैदास पाच कोटी टनांवरून तीस कोटींवर गेली, पण रान काही वाढले नाही. चार भावांत वाटणी झाली की विहीर एकाच्या वाट्याला जाते आणि भांडण चौघांच्या. तेव्हा आपल्याला नीट वाढवता येतील तेवढीच मुले असावीत, हा विचार योग्यच आहे.

मात्र लहान कुटुंब म्हणजे आपोआप जबाबदार कुटुंब, हाही भ्रम आहे. मुले दोनच, पण त्यांत मुलगा हवाच, असा हट्ट धरला की काय होते? महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांआधी, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. तरी सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात ८०७. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. जुन्या रजिस्टरातल्या दगडूचे नाव आईने त्याने जगावे म्हणून ठेवले होते. नकोशीचे नाव कशासाठी ठेवले, ते सांगायला नको. आठ लेकरांच्या आईला बेजबाबदार म्हणणाऱ्याने आधी हे नाव वाचावे.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे. पुष्कळ मुले होऊ देणे जबाबदारीचे की नाही, हे केवळ आकड्यावरून ठरत नाही. ज्या काळी निम्मी दगावत, त्या काळी आठांची आस हीच काळजी होती; आज ती जगतात, म्हणून एक किंवा दोन पुरतात. जन्मणारे मूल दोघांनाही हवे होते काय, त्यात आईचा शब्द चालला काय, आणि मुलगी झाली तरी तिचे बारसे त्याच हौसेने झाले काय, हे तीन प्रश्न ज्या घराने स्वतःला विचारले ते घर जबाबदार. आणि ज्या सरकारने दवाखान्यात नर्सबाई आणि शाळेत शेवटच्या वर्गापर्यंत मुली टिकवल्या, ते सरकार जबाबदार. या दोन्ही गोष्टी जुळल्या, की पाळण्यावर पहारा ठेवावा लागत नाही.

यंदा शाळेचा पट तयार होईल तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनी एक गोष्ट अवश्य पाहावी. पहिलीत आलेल्या किती मुली दहावीपर्यंत पोचल्या, ते मोजावे आणि गावच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. गावाच्या उद्याच्या पाळण्यांचा हिशेब त्या आकड्यात मिळेल.