पवित्र रोग

लहानपणी आमच्या वाड्यात एका मावशींना फेफरं यायचं. कुणी धावत जाऊन कांदा फोडून आणायचं, कुणी चप्पल नाकाशी धरायचं, आणि मागे कुजबुज चालायची, "बाहेरचं असेल काहीतरी." शुद्धीवर आल्या की मावशी आधी पदर तोंडावर ओढून घ्यायच्या.

परवा एक प्राचीन ग्रीक लिखाण वाचताना हे सगळं आठवलं.

ग्रीक लोक फेफऱ्याला 'पवित्र रोग' म्हणत. रोग म्हणजे देवाचा कोप, हे त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं. होमरच्या 'इलियड'ची सुरुवातच साथीने होते. पुजाऱ्याचा अपमान झाला म्हणून अपोलो नऊ दिवस छावणीवर बाण सोडतो. आधी खेचरं-कुत्री मरतात, मग माणसं. गंमत म्हणजे रोग बरे करणारा अस्क्लेपियस हा याच अपोलोचा मुलगा!

फेफऱ्यात तर लक्षणावरून देव ठरे. रोगी बकरीसारखा ओरडला तर देवमाता, घोड्यासारखा किंचाळला तर पोसायडन, तोंडाला फेस आणि लाथा झाडणं म्हणजे युद्धदेव आरेस. मग मंत्र, शुद्धी, अंघोळ बंद.

इ.स.पू. 400च्या सुमारास एका वैद्याने यावर सरळ हल्ला चढवला. हे लिखाण हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथसंग्रहात आहे. तो म्हणतो, हा रोग इतर रोगांपेक्षा जास्त पवित्र वगैरे नाही. त्याला नैसर्गिक कारण आहे आणि ते मेंदूत आहे. कफ शिरांत उतरून हवेची वाट अडवतो, हे त्याचं पुढचं स्पष्टीकरण साफ चुकलं. पण पत्ता बरोबर होता. तो नास्तिकही नव्हता. देव माणसाला विटाळतो असं म्हणणं हाच त्याला देवाचा अपमान वाटे.

मला चटका लावून गेलं ते मात्र वेगळंच. तो लिहितो, झटका येणार हे कळलं की रोगी घरी पळतो, घर लांब असेल तर आडोसा गाठून डोकं झाकून घेतो. लोकांना वाटतं, देवाच्या भीतीने. खरं कारण लाज. लहान मुलं मात्र आईकडे धावतात; लाज म्हणजे काय हे त्यांना अजून ठाऊक नसतं.

आज फेफऱ्यावर गोळ्या आहेत, बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात. मावशींना पळायला आडोसाही नव्हता. वाड्याच्या चौकात आम्ही पोरं गर्दी करून उभी असायचो ना...