थंड प्रदेशांतील यीस्टची रंगद्रव्ये : वर्णपटीय अभ्यास

थंड हवामानात वाढणाऱ्या काही यीस्टच्या पेशींत पिवळी ते लाल रंगद्रव्ये, मुख्यतः कॅरोटिनॉइडे, तयार होतात. ती किती आहेत व कोणती आहेत, हे त्यांनी शोषलेल्या किंवा विखुरलेल्या प्रकाशावरून ठरवतात. यातले गाजलेले उदाहरण फॅफिया रोडोझायमाचे. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हर्मन फॅफ व सहकाऱ्यांना हे यीस्ट जपान आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत, झाडांच्या खोडांतून पाझरणाऱ्या रसात सापडले. सुमारे 20° से. तापमान त्याला मानवते. त्याचा रंग ॲस्टॅक्झँथिनचा. साल्मन माशाचे मांस गुलाबी दिसते तेही याच द्रव्यामुळे.

फॅफियाची पेशीभित्ती चिवट असते, रंग सहजी सुटत नाही. काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळून किंवा कोमट डायमिथिल सल्फॉक्साइड वापरून पेशी खुल्या करतात आणि ॲसिटोनसारख्या द्रावकात रंग उतरवतात. तळाचा चोथा तांबूसच राहिला तर मोजणी कमी भरणार, मग यंत्र कितीही महागाचे असो. अर्काचे शोषण मोजताना दृश्य प्रकाशाला साध्या काचेची कुपी चालते. क्वार्ट्झची लागते ती जंबुपार किरणांसाठी.

शोषणवक्राच्या उंचीवरून प्रमाण कळते, आकारावरून द्रव्याचा अंदाज येतो. बीटा-कॅरोटीनचे मुख्य शिखर 450 नॅनोमीटरच्या आसपास असते व पुढे 480 च्या अलीकडे दुसरा उंचवटा दिसतो. ॲस्टॅक्झँथिनचा मात्र 470 ते 480 च्या दरम्यान एकच पसरट फुगवटा असतो. मिश्र अर्कात हे वक्र एकमेकांवर चढतात; म्हणून 480 वरच्या एका आकड्यालाच ‘ॲस्टॅक्झँथिन’ म्हणणे धाडसाचे. आधी वर्णलेखनाने घटक वेगळे करावे लागतात.

रोडोटोरुला ग्लुटिनिस या दुसऱ्या यीस्टमध्ये तापमानाचा परिणाम वक्रातच उमटतो. थंडीत बीटा-कॅरोटीनचा वाटा वाढतो; उबेत टोरुलीन व टोरुलॅरोडिन ही कॅरोटिनॉइडे वाढून शोषण लाल टोकाकडे सरकते. बीटा-कॅरोटीनमध्ये एकाआड एक असे 11 दुहेरी बंध, तर टोरुलीनमध्ये 13. साखळी लांबली की शोषणाची तरंगलांबीही वाढते.

रामन वर्णपटाला अर्काची गरज नसते. हिरव्या लेसरखाली जिवंत पेशीही 1,520, 1,157 व 1,005 प्रति सेंमी.च्या आसपास कॅरोटिनॉइडांच्या तीन खुणा दाखवते. प्रमाण काढण्यासाठी अर्कच बरा.

फॅफियाचे ॲस्टॅक्झँथिन हेमॅटोकॉकस शैवालातल्या ॲस्टॅक्झँथिनचे आरशातले प्रतिबिंब आहे. दोन्हींचा शोषणवक्र तंतोतंत सारखा येतो. डाव्या व उजव्या वर्तुळध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक दाखवणाऱ्या वर्तुळ-द्विवर्णी वर्णपटात मात्र एकाच्या शिखराच्या जागी दुसऱ्याची दरी दिसते.