डोईपट्टी ते गुंतवणूकदाराचा व्हिसा : कॅनडाच्या दारातील ‘व्यापारी’ आणि ‘मजूर’

बरोबर पैसा आणणाऱ्या परक्यास देशात कायमचे वास्तव्य देण्याची पद्धत अगदी अलीकडची, जागतिकीकरणाच्या काळात जन्मलेली, असा एक सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेने १९९० साली, पोर्तुगालने २०१२ साली गुंतवणूकदारांसाठी आपले दार उघडले. वर्तमानपत्रांतून ‘गोल्डन व्हिसा’ हा शब्द रुळला. आणि ही सारी नव्या भांडवलाची किमया असे आपण मानू लागलो. कॅनडाचा इतिहास मात्र या समजास छेद देतो. गुंतवणूकदाराचा व्हिसा आणि परक्या मजुरावरील डोईपट्टी ही एकाच कायद्याच्या पोटी जन्मलेली भावंडे आहेत, असे आमचे म्हणणे आहे. त्यांपैकी एकाचा गौरव झाला आणि दुसऱ्याबद्दल पुढे माफी मागावी लागली. परंतु दोघांचे मूळ ‘व्यापारी कोण आणि मजूर कोण’ या एकाच प्रश्नात आहे. हा प्रश्न शब्दार्थाचा आहे, म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यात लक्ष घालावे असे आम्हांस वाटते.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यास पश्चिमेशी जोडणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रिटिश कोलंबियातील क्रेगेलाकी येथे ठोकला गेला. या प्रांतातील डोंगर फोडण्याचे, बोगदे खणण्याचे काम सुमारे १५ हजार चिनी मजुरांनी केले. त्यांत शेकडो माणसे दगावली. रेल्वे पुरी होत आली आणि त्याच वर्षी कॅनडाच्या संसदेने चिनी लोकांच्या प्रवेशावर माणशी ५० डॉलरची डोईपट्टी बसवली. १९०० च्या कायद्याने ती १०० डॉलर केली आणि १९०३ मध्ये ५०० डॉलर. पाचशे डॉलर म्हणजे त्या काळच्या चिनी मजुराची साधारण दोन वर्षांची कमाई. १८८५ ते १९२३ या काळात सुमारे ८२ हजार लोकांनी ही पट्टी भरली आणि सरकारच्या तिजोरीत सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर जमा झाले.

याच काळात हेच सरकार युरोपातून येणाऱ्या शेतकऱ्यास मध्य कॅनडाच्या गवताळ प्रदेशात १६० एकर जमीन अवघ्या १० डॉलर नोंदणी शुल्कावर देत होते. १८७२ च्या जमीन कायद्याची ती तरतूद होती. मराठी दप्तरांचा परिचय असलेल्या वाचकास येथे ‘कौल’ हा शब्द आठवेल. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस कौल देऊन सारा क्रमाक्रमाने वाढवावा, आणि नवी पेठ वसवणाऱ्या शेटे-महाजनांस कौल देऊन काही वर्षे कर माफ करावा, ही रीत आपल्याकडे होतीच. राज्यास माणसे हवी असतात तेव्हा ते अभय देते. कॅनडाने युरोपीय शेतकऱ्यास असा कौल दिला आणि चिनी मजुरावर पट्टी बसवली. दोघेही घाम गाळणारेच होते, परंतु राज्याच्या लेखी एकजण वसणारा आणि दुसरा केवळ राबून परतणारा ठरला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १८८५ च्या कायद्यात काही चिनी लोकांना सूट होती : वकिलातीतील अधिकारी, प्रवासी, विद्यार्थी, विद्वान आणि व्यापारी. पुढे व्यापाऱ्याच्या बायकामुलांनाही ही सूट मिळाली. परिणामी व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया या शहरांतील चिनी वस्तीत दोन प्रकारचे संसार उभे राहिले. व्यापाऱ्याच्या घरी बायको होती, मुले होती. मजुराला मात्र बायको आणायची तर पुन्हा पाचशे डॉलर, मूल आणायचे तर आणखी पाचशे. तो स्वतःच कर्ज काढून आलेला असे. ते फेडता फेडता उमेद संपे. त्याचा संसार समुद्रापलीकडे, पत्रांत आणि पाठवलेल्या पैशांत राहिला.

हिंदुस्थानी माणसाची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. हिंदुस्थान ब्रिटिश साम्राज्यात असल्याने उघड बंदी घालणे अवघड होते. म्हणून १९०८ मध्ये दोन नियम आले. मायदेशापासून मध्ये न थांबता प्रवास केलेला असावा, आणि आशियाई प्रवाशाच्या खिशात किमान २०० डॉलर असावेत. हिंदुस्थानातून कॅनडापर्यंत सरळ प्रवासाची सोयच उरलेली नव्हती. नियमाची मख्खी तीच. १९१४ साली गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ हे जपानी जहाज भाड्याने घेतले आणि ३७६ प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात आणले. या घटनेची नोंद आपण बहुधा स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गुरदित सिंग हे मलाया-सिंगापूरकडे कंत्राटदारी केलेले व्यावसायिक होते, हे विसरू नये. जोखीम घेऊन, पैसा उभा करून, जहाज भाड्याने घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या माणसास आजच्या परिभाषेत आपण उद्योजकच म्हणू. दोन महिने बंदरात उभे ठेवून २३ जुलै १९१४ रोजी ते जहाज परत पाठवण्यात आले. मोजक्या प्रवाशांनाच उतरू दिले होते.

१९२३ मध्ये कॅनडाने डोईपट्टी रद्द केली आणि तिच्या जागी जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. हा कायदा १ जुलै रोजी, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, अमलात आला. तेथील चिनी समाज पुढे कित्येक वर्षे तो दिवस मानहानीचा दिवस म्हणून पाळत असे. या बंदीतही व्यापाऱ्यास फट होती. मात्र आता त्याची व्याख्या केली गेली, आणि ती व्याख्या आम्हांस या सगळ्या इतिहासाचे मर्म वाटते. व्यापारी म्हणजे चीनमध्ये तयार झालेला माल आणणारा किंवा कॅनडाचा माल चीनला पाठवणारा. या धंद्यात किमान तीन वर्षे असलेला. आणि त्यात किमान २,५०० डॉलर गुंतवलेला माणूस. पुढे व्यापारी कोण नव्हे याची यादी येते : दुकानाचा गुमास्ता, शिंपी, यंत्रकारागीर, फेरीवाला, मासळी सुकवणारा, आणि खानावळ, धुलाईगृह किंवा भाड्याच्या खोल्यांचे घर यांच्याशी कसलाही संबंध असलेली व्यक्ती.

ही यादी सावकाश वाचावी. कॅनडातील चिनी माणसाने स्वतःच्या बळावर उभे केलेले धंदे नेमके हेच होते. धुलाईगृह आणि खानावळ. जागा भाड्याने घेणे, उधारीवर सामान आणणे, नफातोट्याची चिंता वाहणे, यांतले काय या माणसाने केले नव्हते? तरीही कायद्याने त्यास व्यापारी म्हटले नाही, कारण त्याचे हात साबणाच्या पाण्यात बुडालेले होते. व्यापारी म्हणजे ज्याचा पैसा काम करतो तो. स्वतः काम करणारा तो नव्हे. विशिष्ट रक्कम, विशिष्ट वर्षांचा अनुभव आणि विशिष्ट प्रकारचा व्यवसाय, या तीन कसोट्यांवर माणूस पारखण्याचा हा साचा साठ-बासष्ट वर्षांनी पुन्हा वर आला. तेव्हा त्याचे नाव पालटले होते.

मध्यंतरी जग बदलले. १९४७ मध्ये चिनी-बंदीचा कायदा रद्द झाला. १९६२ च्या नियमांनी प्रवेशातील वंशभेदाला बव्हंशी मूठमाती दिली आणि १९६७ मध्ये गुणांकनाची पद्धत आली : शिक्षण, कौशल्य, भाषा, वय यांना गुण. ती पद्धत अनेक अर्थांनी न्याय्य होती. १९७८ पासून उद्योजकांसाठी स्वतंत्र वर्ग झाला आणि १९८६ मध्ये ‘गुंतवणूकदार’ हा आणखी एक. व्यवसायाचा अनुभव, ठरावीक मालमत्ता, आणि ठरावीक रक्कम काही वर्षे कॅनडात अडकवून ठेवण्याची तयारी. यांत वंशाचा उल्लेख नव्हता. तरी साचा ओळखीचा होता.

काळही अनुकूल होता. १९८४ च्या डिसेंबरात ब्रिटन आणि चीन यांनी हाँगकाँगच्या हस्तांतराचा करार केला होता. १९९७ ही मुदत ठरली होती. जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात रक्त सांडले आणि हाँगकाँगमधील सुखवस्तू माणूस दुसरे घर शोधू लागला. एकट्या १९९४ मध्ये सुमारे ४४ हजार लोक हाँगकाँगहून कॅनडात आले. ते सारेच गुंतवणूकदार नव्हते, परंतु गवगवा त्यांचाच झाला. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाची व्हँकुव्हरमधील जमीन १९८८ मध्ये हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाने ३२ कोटी डॉलरला घेतली. ज्या शहराने एकेकाळी चिनी माणसास विशिष्ट गल्ल्यांत कोंडले होते, त्याच शहराच्या पाण्याकाठी आता चिनी भांडवलाचे मनोरे उभे राहू लागले.

या स्थित्यंतराने भाषेलाही एक शब्द दिला. कुटुंबास कॅनडात ठेवून स्वतः हाँगकाँगमध्ये धंदा करणारा आणि विमानाने ये-जा करणारा पुरुष ‘अंतराळवीर’ म्हणवला जाऊ लागला. चिनी लिपीत अंतराळासाठी जी दोन अक्षरे येतात त्यांतील पहिले पत्नीवाचक शब्दातही येते आणि दुसऱ्याचा अर्थ रिकामा असा होतो. म्हणजे ‘अंतराळवीर’ म्हणता म्हणता ‘ज्याचे घर बायकोवाचून रिते’ असाही अर्थ ऐकू येतो. हा श्लेष आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. १९१० साली मजूर कॅनडात आणि बायको चीनमध्ये होती. १९९० साली बायको कॅनडात आणि गुंतवणूकदार हाँगकाँगमध्ये. एकाची ताटातूट सक्तीची, दुसऱ्याची बरीचशी स्वतः निवडलेली. तेव्हा त्यांना एका पारड्यात घालणे अन्यायाचे होईल. तथापि दोघांच्याही संसाराचा आकार कायद्याने ठरवला हे खरे.

योगायोग असा की जुन्या चिनी-कॅनेडियन कुटुंबांचे मौन याच दशकात सुटले. स्काय ली यांची ‘डिसअपीअरिंग मून कॅफे’ ही कादंबरी १९९० मध्ये, डेनिस चाँग यांचे ‘द काँक्युबाइन्स चिल्ड्रन’ हे कौटुंबिक चरित्र १९९४ मध्ये, वेसन चॉय यांची ‘द जेड पिओनी’ ही कादंबरी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हँकुव्हरच्या चिनी वस्तीची, तुटलेल्या कुटुंबांची ही कथानके आहेत. शहरात चिनी श्रीमंतीची चर्चा चालू असताना या लेखकांनी चिनी दारिद्र्याची स्मृती समोर ठेवली. ‘चिनी’ हा शब्द एकाच अर्थाने वापरणे त्यानंतर अवघड झाले, हे या साहित्याचे मोठे काम आहे.

गुंतवणूकदार योजनेचा शेवटही बोधप्रद आहे. १९९९ च्या सुधारित नियमांनुसार आठ लाख डॉलरची मालमत्ता असलेल्याने चार लाख डॉलर सरकारकडे पाच वर्षे बिनव्याजी ठेवायचे असत; मुदतीनंतर मुद्दल परत मिळे. २०१० मध्ये या दोन्ही रकमा दुप्पट झाल्या. अनेकांनी ही रक्कमही मध्यस्थ वित्तसंस्थांकडून कर्जाऊ उचलली, म्हणजे प्रत्यक्षात त्यांना केवळ कर्जाचा खर्च पडला. येथे जोखीम नव्हती, कारखाना नव्हता, दुकानही नव्हते. २०१२ मध्ये नवे अर्ज घेणे थांबले आणि २०१४ मध्ये सरकारने योजनाच गुंडाळली. हजारो प्रलंबित अर्ज कायद्याने निकालात काढले गेले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारने स्वतः मांडलेला हिशेब असा होता : वीस वर्षांच्या काळात गुंतवणूकदार म्हणून आलेल्या व्यक्तीने कुशल कामगारापेक्षा सुमारे दोन लाख डॉलर कमी प्राप्तिकर भरला, आणि घरात राहून मुलांची, वृद्धांची देखभाल करणाऱ्या परिचारिकेपेक्षाही जवळजवळ एक लाख डॉलर कमी.

या हिशेबापाशी १९२३ ची यादी पुन्हा उघडावी. साबणाच्या पाण्यात हात बुडालेला माणूस देशास काय देतो, याचा ताळेबंद राज्याने नव्वद वर्षांनी मांडला आणि उत्तर आपल्याच व्याख्येविरुद्ध आले. अर्थात हा हिशेब केवळ कराचा आहे, आणि माणसाचे मोल कराच्या पावतीवरून करणे हेही पुन्हा तराजूच हाती घेणे होय. परंतु ज्या तराजूवर राज्याचा एवढा विश्वास होता, त्यानेच साक्ष फिरवली.

इतर देशांतही पुनर्विचार झाला. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये अशा योजना बंद केल्या. उलट अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दहा लाख डॉलरच्या ‘गोल्ड कार्डा’ची घोषणा केली. दार उघडते, मिटते, पुन्हा उघडते. प्रश्न तोच राहतो.

कॅनडाच्या संसदेत २२ जून २००६ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी डोईपट्टीबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या करदात्यांस किंवा त्यांच्या जोडीदारांस प्रत्येकी २० हजार डॉलर देऊ केले. तोवर बहुतेकजण काळाच्या पडद्याआड गेले होते. कोमागाता मारूबद्दल संसदेत माफी मागितली गेली ती मे २०१६ मध्ये. माफी अन्यायाची मागितली जाते. ज्या व्याख्येने तो अन्याय शक्य केला तिची मागितली जात नाही. व्याख्या नव्या कायद्यात नव्या नावाने शिल्लक राहते. म्हणून ‘उद्योजक’, ‘गुंतवणूकदार’, ‘कुशल’, ‘अकुशल’ हे शब्द वर्गात, वर्तमानपत्रात वा सरकारी पत्रकात भेटतील तेव्हा त्यांच्या अर्थाबरोबरच त्यांनी वगळलेल्यांची यादीही विचारावी. धुलाईगृह चालवणाऱ्या माणसास आपण काय म्हणतो, यावर त्याची बायको त्याच्याजवळ राहणार की समुद्रापलीकडे, हे एकेकाळी ठरत होते.