नाकापेक्षा मोती जड

दहावीची परीक्षा संपली की नातवाला संगणक घेऊन द्यायचा, असे दोन वर्षांपूर्वी एका बेसावध क्षणी मी कबूल करून बसलो होतो. शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. वर 'गेमिंग पीसी' असा मथळा, खाली सुट्या भागांची यादी आणि समोर किमती. बेरीज बरोब्बर एक लाख. (मर्यादा तेवढीच घातली होती, आणि पठ्ठ्याने ती रुपयाचीही सूट न देता गाठली होती!) मी इतिहासाचा मास्तर. त्या नावांतले मला काही कळेना, पण बेरीज तपासायची सवय काही जात नाही. पाहतो तर लाखातले ६२ हजार एकट्या ग्राफिक्स कार्डाचे. उरलेल्या ३८ हजारांत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेट.

"अरे, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला," मी म्हणालो.

"आजोबा, गेमिंगला कार्डच महत्त्वाचं असतं. बाकीचं चालून जातं."

'बाकीचं चालून जातं' हे शब्द कानावर पडले आणि मला १९९८ साल आठवले. घरातल्या मंडळींना ही गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, म्हणून आज पुरी सांगतो.

त्या वर्षी आमच्याकडे पहिला संगणक आला. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले होते. शाळेतल्या एका सहकाऱ्यांना बरोबर घेऊन मी लॅमिंग्टन रोडला गेलो. सोबत चिरंजीव, तेव्हा आठवीत. दुकानदाराने दोन कोटेशने पुढे ठेवली. किंमत जवळपास सारखीच. एकात प्रोसेसर जरा कमी वेगाचा आणि मेमरी ३२ एमबी. दुसऱ्यात प्रोसेसर जास्त मेगाहर्ट्झचा, पण मेमरी १६ एमबी. मुलगा माझी बाही ओढून म्हणत होता, "बाबा, ३२ वालं घ्या." मला वाटले, पोराला काय कळते! मेगाहर्ट्झ म्हणजे वेग, वेग म्हणजे ताकद. ज्याचा आकडा मोठा ते मी उचलले. दुकानदाराचा यात काही दोष नाही, त्याने दोन्ही पर्याय सरळ मांडले होते.

घरी आल्यावर नुकतेच आलेले विंडोज ९८ आणि त्यावर मुलाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ. गाडी चार हात पळायची आणि थबकायची. आतून डिस्कचा खर्र खर्र आवाज. पुन्हा पळायची, पुन्हा थबकायची. मुलगा म्हणाला, "कॉम्प्युटरच अडकतोय." पाहुणे बसले होते. मी त्यांच्यासमोर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडे!" पाहुणे हसले. मुलगा नंतर कधी तक्रार करायला आला नाही.

अंगण खरोखरच वाकडे होते, हे मला कळायला इतकी वर्षे लागली. मेमरी कमी पडली की संगणक जागा करण्यासाठी काही मजकूर डिस्कवर ठेवून येतो आणि लागला की परत आणतो. डिस्क मेमरीपेक्षा हजारो पटींनी मंद. एखाद्या शिक्षकाला पाटीएवढाच फळा दिला, तर त्याचा हात कितीही भरभर चालत असो, बिचाऱ्याचा सगळा तास पुसण्यात आणि पुन्हा लिहिण्यातच जाणार. मी हात वेगवान घेतला होता आणि फळा पाटीएवढा!

तेव्हा या खेपेला ठरवले, पैसे देण्यापूर्वी वाचायचे. तंत्र समजो न समजो, इतिहास तर वाचता येतो. तीन आठवडे वाचत बसलो (सौ. म्हणाल्या, "निवृत्तीनंतर आता पुन्हा परीक्षा आहे का?"), आणि लक्षात आले की माझ्यासारखी फसगत शहाण्यासुरत्यांचीही झालेली आहे.

मुळात हे सुटे भाग जुळवायचे प्रकरण सुरू झाले ते १९८१ च्या ऑगस्टपासून, आयबीएमने आपला 'पीसी' बाजारात आणला तेव्हापासून. आत पाच खाचा रिकाम्या ठेवल्या होत्या आणि विद्युतमंडलांच्या आकृत्या पुस्तकात छापून दिल्या होत्या, त्यामुळे इतरांनाही त्यासाठी भाग बनवता येऊ लागले. या यंत्रातली एक गोष्ट मला फार आवडली. त्यातला इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकत होता, पण आयबीएमने तो ४.७७ वरच चालवला. का? तर अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या संकेताला जी कंपने लागतात, त्यांच्या चौपटीचा एकच स्फटिक, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचा, आत बसवला आणि त्याला तीनने भागून प्रोसेसरचा ठोका काढला. एका स्फटिकात पडदाही भागला आणि प्रोसेसरही. थोडा वेग सोडला आणि खर्च वाचवला. गृहकृत्यदक्ष बाईने चालवावा तसा संसार!

पुढे १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' नावाचा खेळ आला. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा. त्याचे एक चित्र ३२० गुणिले २००, म्हणजे ६४,००० ठिपक्यांचे आणि तेवढ्याच बाइट्सचे. खेळाची कमाल गती सेकंदाला ३५ चित्रे. गुणाकार करा: सेकंदाला २२ लाख ४० हजार बाइट्स पडद्याच्या कार्डापर्यंत पोचवायचे. ज्यांनी महागडा ४८६ प्रोसेसर घेतला, पण कार्ड जुन्या आयएसए खाचेत बसवले, त्यांची पंचाईत झाली. ती वाट १६ बिटांची आणि साधारण ८ मेगाहर्ट्झची. धान्य दळून तयार, पण गिरणीचे दार अरुंद. व्हेसा लोकल बस नावाची ३२ बिटांची रुंद वाट ज्यांच्या मदरबोर्डावर होती, त्यांचा खेळ त्याच प्रोसेसरवर सुरळीत पळत होता.

गंमत म्हणजे डूमला दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा प्रोसेसरमधला खास विभाग लागतच नव्हता. सगळा हिशेब पूर्णांकांवर बेतलेला. ४८६ च्या स्वस्त एसएक्स प्रकारात तो विभाग नव्हता, तरी डूमचे काही अडले नाही. साहजिकच पुष्कळांनी अनुमान काढले की खेळासाठी त्या विभागावर पैसे घालवणे व्यर्थ आहे.

आणि १९९६ च्या जूनमध्ये त्याच कंपनीचा 'क्वेक' आला!

क्वेकमध्ये भिंती, जिने, राक्षस सगळे खऱ्या अर्थाने त्रिमिती. तिरक्या भिंतीवरच्या विटा नीट दिसायच्या तर ठिपक्याठिपक्याला भागाकार करावा लागतो, आणि भागाकार हे प्रोसेसरचे सगळ्यात रेंगाळणारे काम. जॉन कारमॅक आणि मायकेल अब्राश या दोघांनी युक्ती काढली: दर सोळा ठिपक्यांना एकदाच भागाकार करायचा, आणि पेंटियमचा दशांश-विभाग तो भागाकार करत असताना दुसऱ्या विभागाने आधीचे सोळा ठिपके रंगवून घ्यायचे. कुकर लावून ठेवायचा आणि तेवढ्यात भाजी चिरून घ्यायची, तसे. शिवाय पेंटियमचा तो विभाग बेरीज-गुणाकाराचे एक गणित संपण्याआधीच पुढचे हातात घेऊ शकत होता. सगळा खेळच पेंटियमच्या या खुबीवर बेतला गेला.

यात सापडली सायरिक्स नावाची कंपनी. तिचा ६एक्स८६ हा प्रोसेसर १३३ मेगाहर्ट्झवर चालायचा, पण त्यावर नाव असायचे 'पीआर १६६+', म्हणजे १६६ च्या पेंटियमला भारी. हे खोटे नव्हते. कचेरीतल्या नेहमीच्या कामांच्या चाचणीत तो खरोखरच वरचढ होता, आणि स्वस्तही. फक्त त्याचा दशांश-विभाग जुन्या वळणाचा, हातातले एक गणित पुरे केल्याशिवाय दुसऱ्याला न शिवणारा. क्वेक त्यावर रांगू लागला. ज्यांनी १६६ चा आकडा वाचून तो खेळासाठी घेतला होता, त्यांची चरफड मी कल्पनेने नव्हे, अनुभवाने जाणतो.

मला यात चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. ही सायरिक्स १९८८ साली निघाली तेव्हा बनवत काय होती? तर दशांशाचे गणित करणाऱ्या सहाय्यक चिपा! इंटेलच्या चिपांहून वेगवान म्हणून त्यांवरच तिने नाव कमावले होते. आणखी एक: सायरिक्सचे कार्यालय रिचर्डसनला, इड सॉफ्टवेअरचे मेस्किटला. दोन्ही गावे डल्लस शहराच्या कुशीतली. बातमी हाकेच्या अंतरावर होती, पण कोणी विचारली नसावी. १९९७ साली सायरिक्स दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. एका खेळामुळे कंपनी बुडाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारणे अनेक होती. पण तिच्या नावाला धक्का लागला तो खेळणाऱ्या पोरांमुळे, हे खरे.

त्याच १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे 'व्हूडू' कार्ड आले आणि ठिपके रंगवायचे काम प्रोसेसरकडून कार्डाकडे गेले. आता सगळे कार्डाच्या मागे! १९९८ मध्ये 'व्हूडू २' आले, दोन-दोन जोडायचीही सोय होती. ज्यांचा प्रोसेसर जुना, त्यांनी ते बसवले आणि खेळ होता तिथेच राहिला, कारण त्रिकोणांची जमवाजमव अजून प्रोसेसरच करत होता आणि तो दमलेला. उलट त्याच वर्षी इंटेलचा स्वस्त 'सेलेरॉन' प्रोसेसरच्या जवळची जी छोटी मेमरी असते, कॅश म्हणतात तिला, ती गाळून आला आणि आपटला. चार महिन्यांनी अवघी १२८ केबी कॅश आत घालून '३०० ए' आला, तर हौशी लोक त्याला ४५० मेगाहर्ट्झवर पळवून किती तरी महागड्या प्रोसेसरच्या तोडीला नेऊ लागले. मेगाहर्ट्झच्या शर्यतीची पुढची कहाणी लांब आहे, ती सोडून देतो. २००० सालचा पेंटियम ४ आकड्याने मोठा असूनही अनेक कामांत कमी आकड्याच्या प्रोसेसरांमागे पडला, एवढे सांगितले तरी पुरे.

असो. आता नातवाच्या कागदाकडे वळू.

एवढे वाचल्यावर मी त्याला पाचवीच्या मुलाला घालावे तसे गणित घातले. एका चित्राची जुळवाजुळव करायला प्रोसेसरला सेकंदाचे १० सहस्रांश लागतात, आणि ते रंगवायला कार्डाला २०. दोघे आपापले काम एकाच वेळी करतात. सेकंदाला चित्रे किती?

"पन्नास," तो म्हणाला.

"कार्ड दुप्पट वेगाचे घेतले तर?"

"शंभर."

"चौपट?"

तो थांबला. "शंभरच. प्रोसेसर १० च्या खाली येत नाही."

"आणि यादीत मला मॉनिटर कुठे दिसत नाही तो?"

"बाबांचा जुना आहे ना."

तो जुना मॉनिटर आम्ही दोघांनी मिळून तपासला. १९२० गुणिले १०८०, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा. म्हणजे ६२ हजारांचे कार्ड शंभर काय, दोनशे चित्रे काढो, डोळ्यांना दिसणार साठच! आधी पडदा ठरवायचा आणि मग मागे येत येत कार्ड, प्रोसेसर, रॅम, हा उलटा क्रम मला पटला. ३८४० गुणिले २१६० चा पडदा असता तर रंगवायचे ठिपके बरोबर चौपट झाले असते, मग मोठ्या कार्डाला अर्थ होता. दुसरे म्हणजे एसएमपीएसवर त्याने सगळ्यात कमी पैसे ठेवले होते. १९८१ च्या त्या आयबीएमला ६३.५ वॅटचा पुरवठा पुरत असे. २०२५ साली आलेल्या एनव्हिडियाच्या सर्वांत मोठ्या कार्डाला एकट्यालाच ५७५ वॅट लागतात. नातवाचे कार्ड तेवढे नव्हते, पण फोडणीसाठी शेगडी विसरावी असा तो प्रकार होता.

कार्ड एक पायरी खाली आले. वाचलेल्या पैशांत बरा प्रोसेसर, चांगला एसएमपीएस आणि सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा मॉनिटर बसला. रॅमपाशी गाडी अडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे माल वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. नातवाने १६ जीबी लिहिले होते. मी ते खोडून ३२ केले आणि वरचे पैसे मी घालतो म्हणालो.

रात्री चिरंजीव जेवायला बसले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. रॅमच्या ओळीवर बोट थांबले.

"बाबा, हे ३२ तुम्ही लिहिलंत?"

"हो. १९९८ ला १६ घेतले होते."

तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आठवतंय मला. अंगण वाकडं होतं." आणि हसला. "पण आत्ता त्याच्या खेळांना १६ पुरतात. आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, एकच सोळाची नको, दोन असल्या की दोन्ही वाटांनी मजकूर जातो. आणि मदरबोर्ड चार खाचांचा घ्या. भाव उतरले की वाढवू."

मी पेन्सिल घेतली आणि ३२ खोडून पुन्हा १६ केले.