बाजार गावाचा, कर कुणाचा?

वऱ्हाडात काही गावांच्या नावातच बाजार आहे. अमरावती जिल्ह्यातले चांदूर बाजार तसे, आणि वाशीम जिल्ह्यातले आपले शेलूबाजारही तसेच. अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता आणि कारंज्याहून मालेगावकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. जिथे चार रस्ते भेटतात तिथे माल उतरतो, माणसे थांबतात आणि दुकाने उभी राहतात. दुकाने वाढली की नाल्या, दिवाबत्ती, पाणी आणि कचरा यांचा खर्चही वाढतो. तो खर्च कुणी करायचा? ‘येथे जी विक्री होते तिच्यावर गावानेच थोडा कर घ्यावा आणि गावासाठी वापरावा,’ ही कल्पना वरकरणी सोपी वाटते. तिच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याच परिसरात घडला आहे.

सुरुवात जकातीपासून करू. हा शब्द मूळ अरबी. तिकडे त्याचा अर्थ धर्मासाठी द्यावयाचे दान. आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ मालावरचा कर असा झाला. मराठेशाहीत वाटेवर आणि पेठेत जकात वसूल होत असे. इंग्रजी अमलात नगरपालिका आल्या आणि शहराच्या वेशीवरचा जकात नाका हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले. गाड्यांची रांग लागे, पावतीसाठी तास जाई आणि नाक्यावर हात ओले करावे लागत ही तक्रार कायमची होती. पण एक गोष्ट खरी की तो पैसा शहराचा शहरात राहत असे. रोज सायंकाळी रोख जमा होई आणि दुसऱ्या दिवशी सफाई कामगारांच्या पगाराला उपयोगी पडे.

दुसरा धागा बाजाराचा. शेलूबाजारच्या शेजारचे कारंजा ही कापसाची जुनी पेठ. 1853 पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होते, तरी नाव मात्र निजामाचे होते. त्यामुळे येथला कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने चाले. अशाच एका हुकमान्वये 1886 मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या 1963 च्या कायद्याखाली चालतात, पण त्यांचे मूळ येथे सापडते. बाजार समिती खरेदीवर जो सेस घेते तो शेकडा रुपयाच्या आसपास असतो. विक्रीच्या ठिकाणीच घेतलेला तो करच म्हणा. शेलूबाजारला मंगरूळपीर समितीचा उपबाजार आहे. सोयाबीन, तूर, हरभरा येथे विकला जातो, त्याचा सेस समितीकडे जातो. तो पैसा बाजाराच्या कामासाठी असतो, गावाच्या नालीसाठी नसतो.

तिसरा धागा खुद्द विक्रीकराचा. आज नवल वाटेल, पण आधुनिक विक्रीकराचा भारतातला पहिला प्रयोग मध्यप्रांत आणि वऱ्हाडातच झाला. 1935 च्या कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार मिळाला होता. त्याचा आधार घेऊन नागपूरच्या कायदेमंडळाने 1938 मध्ये पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा 5 कर बसवला. दिल्लीच्या सरकारने हरकत घेतली. हे तर उत्पादनशुल्क, आणि उत्पादनशुल्क आमचे, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण नव्या फेडरल न्यायालयापुढे गेले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, न्यायमूर्ती सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर या तिघांनी निर्वाळा दिला, की प्रांताला हा कर घेता येतो. पाठोपाठ 1939 मध्ये मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला, आणि 1947 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडानेही आपला कायदा केला.

या खटल्यातला प्रश्न नीट पाहा. माल जिथे बनतो त्याच्या सरकारचा हक्क मोठा, की जिथे विकला जातो त्याच्या सरकारचा? न्यायालयाने विक्रीच्या ठिकाणाला मान दिला. पण तो मान प्रांतापाशी थांबला. नागपूरहून तो गावच्या वेशीपर्यंत आला नाही.

नंतरची वाट उलटीच गेली. राज्यातल्या नगरपालिकांची जकात 1999 मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी सरकारी सहायक अनुदान आले. महापालिकांत 2010 पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजेच एलबीटी, लागू झाला. नाका गेला आणि हिशेब व्यापाऱ्याच्या वहीवर आला. ज्याला आपण स्थानिक विक्रीकर म्हणू, त्याच्या सर्वांत जवळ पोचलेला हा प्रयोग. 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली. शेवटी 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईची जकात तेवढी उरली होती, तीही 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर संपली. महापालिकांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देण्यासाठी राज्याला त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला.

आता शेलूबाजारला परत येऊ. येथल्या दुकानातून ट्रॅक्टरचा सुटा भाग घेतला तर त्यावरचा जीएसटी निम्मा केंद्राला आणि निम्मा राज्याला जातो. ग्रामपंचायतीचा थेट वाटा नाही. पेट्रोल अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावरचा कर राज्य घेते. पंचायतीच्या हाती राहते ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि आठवडी बाजाराची वसुली. म्हणजे लाखांची उलाढाल करणाऱ्याच्या विक्रीला पंचायतीचा हात लागत नाही, आणि मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या बाईला मात्र पावती फाडावी लागते. मला यातला अन्याय सर्वांत मोठा वाटतो.

मग गावाने स्वतःचा विक्रीकर लावावा का? मी नाही म्हणेन. एक तर जीएसटीनंतर तसा मार्ग मोकळा राहिलेला नाही. दुसरे म्हणजे एका गावाने कर लावला की गिऱ्हाईक पुढच्या फाट्यावर जाते. आणि विक्रीवरचा कर गरीब-श्रीमंत दोघांच्या पिशवीवर सारखाच बसतो. जकातीच्या नाक्यावरचा त्रास विसरून त्या दिवसांची आठवण काढण्यातही अर्थ नाही.

पण जकातीत एक गोष्ट होती ती गमावू नये. हक्काचा पैसा आणि मेहेरबानीचा पैसा यांत फरक असतो. अनुदान उशिरा आले तर दिवे उशिरा लागतात, आणि जाब कुणाला विचारायचा हे कळत नाही. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद केली, ती याचसाठी. राज्याच्या करांतला किती भाग गावांना जावा हे त्याने सांगायचे असते. ज्या गावात बाजार भरतो, जिथे आसपासच्या खेड्यांची गर्दी वापरते त्या नाल्या आणि ते रस्ते, त्या गावाचा वाटा केवळ लोकसंख्येवर मोजू नये, एवढी मागणी रास्त आहे.

2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि शेलूबाजारलाही चढण्या-उतरण्याची सोय मिळाली. चार रस्त्यांच्या गावाला पाचवा रस्ता आला. गाड्या वाढतील, धाबे वाढतील, कचराही वाढेल. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचला जाईल, त्या वेळी एवढे विचारा: या बाजाराच्या उलाढालीतले गावाला काय मिळाले, आणि बाजारासाठी गावाने काय खर्चले? दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला सांगा. मागणीचा अर्ज त्यानंतर लिहिता येईल.