जुना हॅम रेडिओ संच : बाळगणे, वापरणे आणि पुढे सोपवणे



मागच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात मंडळातल्या एका वहिनींनी मला बाजूला बोलावून विचारले, "भाऊ, तुम्ही रेडिओवर लांब लांब बोलता ना? आमच्या ह्यांचं तसलंच एक जड मशीन कपाटात पडलंय. भंगारवाला सातशे रुपये देतो म्हणतोय. देऊन टाकू का?"

मी म्हटले, "वहिनी, देऊ नका. आणि कुणाला चालूही करू देऊ नका."

त्या गर्दीत एवढेच बोलणे झाले. पूर्ण उत्तर द्यायचे राहिले, ते इथे देत आहे. ज्यांच्या घरी असा संच आहे, ज्यांना तो घ्यायची इच्छा आहे किंवा ज्यांच्या मुलांना ही आवड लागली आहे, त्या सर्वांना याचा उपयोग व्हावा.

ट्रान्सीव्हर म्हणजे काय

साधा रेडिओ फक्त ऐकतो. ट्रान्सीव्हर ऐकतो आणि बोलतोही. हौस म्हणून, सरकारी परवाना घेऊन असा संच वापरणाऱ्याला हॅम म्हणतात. प्रत्येक हॅमला स्वतःचे सांकेतिक नाव, म्हणजे कॉलसाइन मिळते. आपल्याकडची बहुतेक कॉलसाइन व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतात. राजीव गांधी हेही हॅम होते, त्यांचे कॉलसाइन व्हीयू२आरजी.

या छंदाशी सुरतेचे एक जुने नाते सांगण्यासारखे आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषाबेन मेहता यांचा जन्म सुरतजवळच्या सरस गावचा. ते प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर होत असे. आजच्या हिशेबात हे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे आज भारतातले हॅम रोज सकाळी जिथे एकमेकांशी बोलतात त्याच पट्ट्यात. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हॅम परवाने रद्द करून संच जमा करायला लावले होते. ट्रान्समीटर ही वस्तू सरकारच्या नजरेत किती गंभीर असते, हे यावरून ध्यानात यावे.

हे संच आपल्याकडे कसे आले

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपले हॅम युद्धातले उरलेले लष्करी संच घेऊन त्यांत फेरफार करत, नाहीतर सुटे भाग जमवून स्वतःच संच बांधत. परदेशी संचावरचे आयात शुल्क परवडण्यासारखे नव्हते. १९८४ मध्ये वायरलेस उपकरणांवरचे शुल्क माफ झाले आणि जपानी संच येऊ लागले. आज घरोघरच्या कपाटांत सापडतात ते बहुधा याएसू आणि केनवूड या कंपन्यांचे, १९७० ते १९८५ च्या दरम्यान बनलेले.

यातले बरेचसे 'हायब्रिड' आहेत. ऐकण्याचा भाग ट्रान्झिस्टरचा असतो, तर प्रक्षेपणाचा शेवटचा भाग व्हॉल्व्हचा. याएसू एफटी-१०१ची मालिका, केनवूड टीएस-५२० आणि टीएस-५३० हे सर्व याच जातीचे. वजन १५ किलोच्या आसपास असल्यामुळे भंगारवाल्याचा डोळा त्यावर लगेच जातो.

आधी परवाना, मग संच

नेमकी इथेच लोकांची गफलत होते. परवाना फक्त बोलण्यासाठी लागतो असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टमध्ये हे तत्त्व होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ते कायम आहे. म्हणून "शोकेसमध्ये ठेवायला घेतो" ही सबब चालत नाही. विकणाऱ्यानेही घेणाऱ्याचा परवाना पाहूनच संच द्यावा.

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी विंग देते. त्यासाठी अर्ज सरल संचार पोर्टलवर करता येतो. आधी एक परीक्षा द्यावी लागते, तिला वयाची अट किमान १२ वर्षे आहे. दोन दर्जे आहेत :

१. रिस्ट्रिक्टेड : रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम यांची लेखी परीक्षा. मोर्स लागत नाही. कमाल शक्ती ५० वॅट.

२. जनरल : लेखी परीक्षा थोडी वरची, शिवाय मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स. कमाल शक्ती ४०० वॅट.

मी बी.कॉम. झालेला माणूस. ओहमचा नियम निवृत्तीनंतर शिकलो आणि रिस्ट्रिक्टेड परीक्षा पास झालो. त्यामुळे "आम्हाला सायन्स जमत नाही" ही तक्रार माझ्याकडे आणू नये.

जुना संच घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे संच सुमारे १०० वॅट बाहेर टाकू शकतात. रिस्ट्रिक्टेड परवाना असेल तर ड्राइव्ह आणि माइक गेन कमी ठेवून, वॅटमीटरवर बघूनच चालवावा लागतो. हवेवर धंद्याचे बोलणे करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत. प्रत्येक संभाषणाची नोंद वहीत ठेवावी. घराचा पत्ता बदलला तर कळवावे.

कोणता संच घ्यावा

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट व्हॉल्व्हची. टीएस-५२० आणि एफटी-१०१झेडडी यांच्या शेवटच्या टप्प्यात ६१४६बी जातीची जोडी चालते. ही जात पुष्कळ उपकरणांत वापरली गेल्यामुळे शोधल्यावर मिळते. एफटी-१०१ई मध्ये ६जेएस६सी लागतात, ते मिळायला अवघड आणि महाग. व्हॉल्व्ह बदलताना नेहमी जोडीनेच बदलावेत आणि नंतर न्यूट्रलायझेशन नावाची जुळवणी जाणकाराकडून करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे पट्टे हॅमना १९७९ च्या जागतिक परिषदेनंतर मिळाले. त्याआधीच्या रचनेच्या संचात ते नसतात. ७, १४ आणि २१ मेगाहर्ट्झ मात्र सर्वांत असतात आणि नवशिक्याला तेवढे पुरतात.

तिसरी गोष्ट पूर्णतेची. मूळ माइक, पॉवर केबल, झाकणाचे स्क्रू आणि सर्किटसह असलेले मॅन्युअल मिळाले तर दोनपाचशे रुपये जास्त द्यावेत. ऐकू येते म्हणजे संच चालू आहे असे समजू नये. प्रक्षेपण करून दाखवायला सांगावे, तेही डमी लोडवर. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायचा ५० ओहमचा मोठा रेझिस्टर. त्यामुळे हवेत काही न जाता तपासणी होते.

पहिल्यांदा चालू करताना

माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. संच मिळाल्याच्या आनंदात मी आल्या संध्याकाळीच प्लग लावून बटण दाबले. पाच मिनिटांत जळका वास आला. सात-आठ वर्षे बंद असलेल्या संचाचा फिल्टर कंडेन्सर गेला होता. तो दुरुस्त व्हायला तीन महिने लागले. योग्य क्रम असा आहे :

१. मागच्या बाजूला व्होल्टेजची जोडणी तपासावी. जपानमध्ये वापरलेला संच १०० व्होल्टवर बांधलेला असू शकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात.

२. फ्यूज मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या अँपिअरचाच आहे का पाहावे. त्या जागी तार गुंडाळलेली सापडली तर संचाला मोठा आजार होऊन गेला आहे असे समजावे.

३. व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज हळूहळू, तासाभरात वाढवावे. व्हेरिअ‍ॅक नसेल तर इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बल्ब लावावा. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावे.

४. एफटी-१०१ मालिकेत व्हॉल्व्हच्या हीटरचे बटण वेगळे असते. ते बंद ठेवून आधी फक्त ऐकण्याचा भाग तपासावा.

५. बँड स्विच आणि नॉब खरखरत असतील तर काँटॅक्ट क्लीनर वापरावा. गंजलेल्या बिजागऱ्यांचे तेल त्यात कधीही मारू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. या संचांच्या आत व्हॉल्व्हच्या प्लेटवर ८०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ राहतो. एवढा दाब जीव घेतो. झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढावा, थांबावा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी, आणि तपासताना एक हात खिशात ठेवावा. घरात लहान मुले असतील तर झाकणाचे सर्व स्क्रू घट्टच असावेत. वहिनींना "चालू करू देऊ नका" म्हटले ते याच कारणाने.

प्लेट आणि लोड

नव्या संचात बटण दाबले की बोलता येते. जुन्यात प्रत्येक पट्ट्यावर आधी जुळवणी करावी लागते. प्लेटचा नॉब फिरवून मीटरचा काटा सर्वांत खाली आणायचा, लोड थोडा वाढवायचा, पुन्हा प्लेटने काटा खाली आणायचा. हे करताना प्रक्षेपण एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नये, मध्ये थोडा विसावा द्यावा. जुळवणी चुकीची असताना प्रक्षेपण चालू राहिले तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि आयुष्य संपते.

सुरुवातीची २०-३० मिनिटे फ्रिक्वेन्सी थोडी सरकत राहते. म्हणून संच आधी चालू करून चहा घ्यावा, मग बोलायला बसावे. हल्लीच्या संगणकी पद्धतींत प्रक्षेपण सलग पूर्ण शक्तीने चालते आणि फ्रिक्वेन्सीही स्थिर लागते. त्यासाठी जुना संच राबवू नये. आवाजाने आणि मोर्सने बोलणे हेच त्याचे काम.

सुरतेतली अँटेना

७ मेगाहर्ट्झची साधी तारेची डायपोल अँटेना सुमारे २० मीटर लांब होते, मध्यापासून दोन्हीकडे १०-१० मीटर. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर एवढी सरळ जागा क्वचितच मिळते. मध्ये एक खांब उभा करून दोन्ही टोके उतरती बांधली तर तीही चांगली चालते. सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी. टोकांजवळ प्रक्षेपणाच्या वेळी दाब जास्त असतो, म्हणून ती हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवावीत.

उत्तरायणात १४ आणि १५ जानेवारीला सगळी सुरत गच्चीवर असते. माझी तार एकदा मांज्यात गुरफटून खांबासकट वाकली. तेव्हापासून मी १३ तारखेलाच तार उतरवून ठेवतो. मुलांच्या पतंगांचीही सोय होते.

पावसाळ्यात दोन काळज्या. ढग गडगडण्याआधी अँटेनाची केबल संचापासून काढून बाहेर ठेवावी. आणि दमटपणा संचात मुरू नये म्हणून आठवड्यातून एकदा तासभर तरी तो चालू करावा. कपाटात बंद ठेवलेला संच वापरातल्या संचापेक्षा लवकर खराब होतो.

गोंगाट ही इथली मोठी अडचण. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, गच्चीवरचे सोलर, कारखान्यांच्या मोटारी यांचा खरखराट संचात शिरतो. सेलवर चालणारा छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ हातात घेऊन घरभर फिरावे. खरखर जिथे वाढेल तिथे उगम आहे. माझ्याकडे तो देवघरातल्या दिव्याच्या माळेत सापडला.

काय ऐकू येते

सकाळी ७ मेगाहर्ट्झवर दोनतीनशे किलोमीटरचा पल्ला सहज मिळतो. आपल्यापैकी अनेकांची मुळे खानदेशात आहेत. जळगाव-धुळ्याकडचा आवाज, मध्ये कोणतीही कंपनी किंवा टॉवर नसताना, स्वतःच्या तारेवर येतो तेव्हा बरे वाटते. संध्याकाळकडे १४ मेगाहर्ट्झवर युरोपातले हॅम येतात.

आपत्तीत या छंदाचे मोल कळते. २००१ च्या कच्छच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅमनी संपर्क सांभाळला. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा वीज नव्हती आणि फोनही भरवशाचे नव्हते, हे आपण सर्वांनी भोगले आहे. मात्र जुन्या संचाला वीज बरीच लागते. अशा वेळेसाठी बॅटरीवर चालणारा छोटा संचही जवळ असावा.

शेवटी नॉमिनीचे

बँकेत खातेदारांना "नॉमिनी लिहिलात का?" विचारण्यात माझी नोकरी गेली. संचाबाबत मात्र हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता. हॅम गेला की त्याचा परवाना घरच्यांना आपोआप मिळत नाही. घरच्यांना वस्तूचे मोल ठाऊक नसते आणि कायदाही ठाऊक नसतो. मग एकतर कपाट, नाहीतर भंगार.

म्हणून प्रत्येक हॅमने एक कागद लिहून परवान्याच्या प्रतीसोबत ठेवावा. त्यात संचाचे नाव व क्रमांक, केलेल्या दुरुस्त्या, सुटे व्हॉल्व्ह कुठे ठेवले आहेत, आणि आपल्या माघारी कोणत्या परवानाधारकाला बोलवायचे, एवढे लिहावे. घरच्यांसाठी सूचना तीनच : प्लग लावू नका, झाकण उघडू नका, परवाना नसलेल्याला देऊ नका. मी माझा कागद लिहून पत्नीला वाचून दाखवला आहे.

वहिनींचा संच सध्या शहरातल्या एका परवानाधारक हॅमकडे आहे. कपाटात त्यासोबत त्यांच्या यजमानांच्या सुवाच्य अक्षरातल्या चार नोंदवह्याही निघाल्या. वहिनींचा नातू १३ वर्षांचा आहे. रविवारी सकाळी तो माझ्याकडे परीक्षेचा अभ्यास करायला येतो, आणि येताना आजोबांची एक वही घेऊन येतो.